झाकायचं काय?

अम्मी : नाही, मी बसणार नाही. बसले की माझा राग उतरतो, आणि आज मला तो उतरू द्यायचा नाही.

आपा : मग उभ्यानं बोला. पण खाली दुकानात फरशी कापायचं मशीन चालू आहे, ओरडावं लागेल. थांबा, दार लोटते.

अम्मी : लोटा, लोटा. पोरींना कळायला नको त्यांच्या आपानं काय करून ठेवलंय ते.

आपा : वर्ग सुटला, पोरी गेल्या. तुमची बुलबुल कुठाय?

अम्मी : जिन्यात बसलीय. इथवर ओढत आणली, शेवटच्या चार पायऱ्या चढायला तयार नाही. तुमच्या वर्गाला यायचं म्हटलं की जी पोरगी चपला हातात घेऊन पळायची, ती! आपा, तुम्ही माझ्या सोळा वर्षांच्या पोरीला मढं धुवायला नेलंत.

आपा : मय्यत म्हणा, बुलबुलच्या अम्मी.

अम्मी : मय्यत म्हटलं की ती काय उठून बसते?

आपा : मी सगळ्या आयांना निरोप दिला होता. यंदा मोठ्या मुलींना गुस्ल शिकवणार, मय्यतीला शेवटची आंघोळ कशी घालतात ते.

अम्मी : मला वाटलं लोडावर शिकवणार! पोरगी घरी येऊन सांगत होती, लोडाला ओढणी गुंडाळून त्याची म्हातारी केली, तिला आंघोळ घातली, लोड भिजून एवढा जड झाला की चौघींना उचलेना. हसून हसून मुरकुंडी वळली आमची. मी म्हटलं बरंय, शिकू दे.

आपा : लोडावरच शिकवलं आधी. मग खालच्या टाइल्सवाल्यांची आई वारली. त्यांच्याकडून बोलावणं आलं, तेव्हा दोघी मोठ्या मुलींना घेऊन गेले. दुसरी उंबऱ्यावरूनच परत फिरली, तिला मी अडवलं नाही. बुलबुल म्हणाली, मी येते. स्वतः म्हणाली.

अम्मी : ती तर म्हणेलच! तिला तुम्ही विहिरीत उडी मारायला सांगा, ती विचारेल, आपा, आधी उजवा पाय का डावा? म्हणून मोठ्या माणसानं बघायचं असतं. मीही शिकवते, आपा. बायकांना गाडी चालवायला शिकवते. पण पहिल्या दिवशी कुणाला हायवेवर नेत नाही. आणि नेलं तरी माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तुमच्या पायाखाली काय होतं?

आपा : काय झालंय तिला, ते तरी सांगा.

अम्मी : काय झालंय! बुलबुल नाव उगाच नाही ठेवलं आम्ही. झोपेतसुद्धा बडबडायची. आता दिवसभरात दहा शब्द बोलली तर नशीब. ताट समोर घेते आणि बघत बसते. नमाजेला उभी राहते आणि मध्येच सोडून उठते. सजद्यात जाते, कपाळ टेकते, आणि कुणी चटका दिल्यासारखी वर येते. तिची दादी म्हणते नजर लागली. डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. मी म्हणते, आपानं बिघडवली.

आपा : नमाज मध्येच सोडते?

अम्मी : आता कसं, लागलं ना तुम्हाला! जेवत नाही म्हटलं तेव्हा नाही लागलं.

आपा : दोन्ही लागलं.

अम्मी : हे बघा, मी तुमच्याविरुद्ध कधी बोलले नाही. बाकीचे म्हणायचे, ही कसली दीनी तालीम, पोरींना कुराण पाठ करायला लावायचं सोडून दवाखान्यात काय नेते, म्हाताऱ्यांची नखं काय कापायला लावते. मी म्हणायचे, बरोबर आहे. सब्र, धीर म्हणजे काय ते फळ्यावर लिहून कळत नाही. सरकारी दवाखान्यात दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहून आली, त्या दिवशी पोरीनं घरी स्वतःचं ताट स्वतः घासलं. न सांगता! मी तर तोंडात बोट घालून बघतच राहिले. पण प्रत्येक गोष्ट करूनच शिकायची? विस्तव गरम असतो हे हात घालूनच बघायचं?

आपा : माझं चुकलं असेल. पण मय्यतीची भीती वाटली तर पोर रडते, आईला बिलगते, दिवा लावून झोपते. नमाज अर्ध्यात सोडत नाही. तिला आत बोलावू?

अम्मी : बोलावून बघा. बुलबुल! ये गं वर. आपा चावत नाहीत.

बुलबुल : अस्सलाम आलेकुम, आपा.

आपा : वालेकुम अस्सलाम. ये, बस. माझ्याजवळ नको, पंख्याखाली बस. भीती वाटते का तुला?

बुलबुल : नाही.

आपा : त्या टाइल्सवाल्यांच्या दादींची? स्वप्नात येतात?

बुलबुल : नाही, आपा. त्यांची भीती नाही वाटत. त्यांचा चेहरा छान होता. झोपल्यासारखा.

अम्मी : मग काय आहे, बाई? इतके दिवस मी विचारून विचारून थकले.

बुलबुल : अम्मी, तुझ्यासमोर नाही बोलता येत.

अम्मी : घ्या! जन्म दिला मी, आणि बोलायला आपा!

बुलबुल : तसं नाही. आपांनी शिकवलंय ना. मय्यत म्हणजे अमानत असते, विश्वासानं सोपवलेली ठेव. धुणाऱ्यानं जे बघितलं ते झाकायचं. घरी येऊन सांगायचं नाही, मैत्रिणीला नाही, आईला नाही. जो झाकतो त्याचं अल्ला झाकतो. मी कबूल केलं होतं, दरवाजात, आत जायच्या आधी.

अम्मी : म्हणजे काहीतरी बघितलंस.

बुलबुल : आपा, तुम्हीपण बघितलं ना?

आपा : अम्मीला पाणी दे आधी. त्या केव्हाच्या उभ्या आहेत.

बुलबुल : तुम्ही बघितलं, आपा. मी उजवा हात धुवायला घेतला, तेव्हा तुम्ही चादर वर ओढलीत. इतक्या घाईनं, की तांब्या पडला. लोडावर शिकवताना तुम्ही म्हणाला होतात, घाई करायची नाही, झटका द्यायचा नाही, मय्यतीला दुखतं असं समजून हात लावायचा.

अम्मी : काय होतं हातावर?

आपा : बुलबुलच्या अम्मी, म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. नुसतं उचललं, कूस बदलली, तरी काळंनिळं होतं. दवाखान्याच्या सुयांचे डाग असतात…

बुलबुल : ते दंडावरचे. मी मनगटांबद्दल बोलतेय. दोन्ही मनगटांना गोल होतं. बांगडी घातल्यासारखं. एका बाजूची सालटी निघाली होती.

अम्मी : बांधत होते?

बुलबुल : मी तुला सांगितलं नाही हं, अम्मी. मी आपांशी बोलतेय.

अम्मी : या अल्ला. आपा, तुम्ही खाली बघू नका. माझ्याकडे बघा. बघितलं होतं तुम्ही?

आपा : हो.

अम्मी : आणि गप्प बसलात. का नाही बसणार! खोली त्यांची, पंखा त्यांचा, हा गालिचा त्यांचा. खाली दुकान, वर तुमची शाळा.

आपा : खोलीचा विचार मनात आलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आधी आला तो दुसरा. मी म्हटलं, सुटली बिचारी. आता तिच्या अंगावरची खूण चारचौघांत उघडी करून तिला काय मिळणार? तिची लाज तिच्याबरोबर जाऊ दे.

बुलबुल : पण ती त्यांची लाज नव्हती, आपा.

अम्मी : आता बोला.

आपा : ती बोलली तेच खरं.

बुलबुल : मी भांडत नाहीये, आपा. मला कळत नाही म्हणून विचारतेय. मी सजद्यात गेले की डोळ्यांसमोर तो हात येतो. वाटतं, अल्ला विचारतोय, बघितलंस ना? मी म्हणते, आपांनी झाकायला सांगितलंय. मग तो परत विचारतो, बघितलंस ना? त्याच्यापुढचं मला येत नाही. मी उठते.

आपा : बाळ, तू मला आधीच का नाही विचारलंस?

बुलबुल : तुम्ही चादर ओढलीत ना. मला वाटलं, हेच उत्तर.

अम्मी : रडू नको गं. इकडे ये. आता झालं ते झालं. ती बाई मातीआड गेली. त्यांचं ते बघून घेतील आणि वर अल्ला बघून घेईल. तू सांगून मोकळी झालीस ना? चल घरी.

बुलबुल : नाही झाले मोकळी. दादी गेल्या, त्यांचं एक वेळ ठीक. पण आजोबा?

आपा : कुठले आजोबा?

बुलबुल : टाइल्सवाल्यांचे अब्बा. दादींचे मियाँ. आपा, तुम्हाला कोरी चादर हवी होती. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, मी आणते. तुम्ही म्हणालात, नको, तुम्ही पाणी घाला, ही आणेल. तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, समोरच्या कपाटातच आहे, मधल्या खोलीत जाऊ नकोस. समोरच्या कपाटात नव्हती. म्हणून मी मधल्या खोलीचं दार ढकललं.

आपा : मग?

बुलबुल : ते पलंगावर होते. एक हात ओढणीनं पलंगाच्या दांडीला बांधलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, बेटी, सोड गं. असं हळू म्हणाले, जसं कुणी म्हणतं, जरा पंखा लाव गं.

अम्मी : आणि तू?

बुलबुल : चादर घेतली आणि आले. आपांनी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या घरात इकडेतिकडे बघायचं नाही, काम करायचं आणि यायचं. मला वाटलं, हेही झाकायचं असेल. त्याच्यातलंच.

आपा : आजोबा तर मेले नव्हते गं.

बुलबुल : मला नाही कळलं, आपा. तेव्हा नाही कळलं. घरी गेल्यावर कळलं, आणि मग सांगायची हिंमत होईना. जितके दिवस गेले तितकी कमी होत गेली.

अम्मी : आपा, तुम्ही बसा. तुमचा रंग बघा. पाणी तुम्हालाच पाहिजे.

आपा : नको. बुलबुल, चपला घाल.

अम्मी : कुठे?

आपा : त्यांच्या घरी.

अम्मी : आणि मुलगा इथे खाली बसलाय गल्ल्यावर. त्याला विचारा ना आधी.

आपा : मुलाला आधी विचारलं तर आपण पोचेपर्यंत ओढणी कपाटात आणि आजोबा गाढ झोपेत. आधी बाप बघू, मग मुलगा. आपण सांत्वनाला गेलो, एवढंच.

अम्मी : आता माझ्या मनातलं बोललात. चला, गाडी माझी. टपावर शिकाऊ लिहिलंय, पण चालवणार मी. आणि बुलबुल, तू घरी नाही जायचं?

बुलबुल : मी येते. मलाच यायचंय.

आपा : बुलबुलच्या अम्मी, मला आणखी काही सुनवायचं राहिलं असेल तर वाटेत सुनवून घ्या.

अम्मी : ते परत येताना. आत्ता मला रस्त्याकडे बघू द्या.

(टाइल्सवाल्यांचं घर. दार सून उघडते, अर्धंच उघडते.)

सून : आपा! तुम्ही? हे तर दुकानात आहेत. फोन केला असता तर…

आपा : तुम्हाला भेटायला आलो, सूनबाई. ही बुलबुलची अम्मी. बुलबुलला तर तुम्ही ओळखता.

सून : हो, त्या दिवशी होती ना. या, इथे बसा. घर जरा… मी चहा टाकते.

आपा : चहा नको. तुमच्या सासऱ्यांना सलाम करून जातो.

सून : ते झोपलेत.

बुलबुल : खोकतायत.

सून : झोपेतच खोकतात. औषध दिलंय, आत्ताच डोळा लागलाय. उठवलं की मग माझ्याच जिवाला ताप. परत कधीतरी या ना, हे असताना.

अम्मी : आम्ही दारातूनच बघू, बाई. आवाज करणार नाही.

सून : म्हटलं ना, झोपलेत!

आजोबा : कोण आलंय गं? ती आली का?

सून : असंच बडबडतात. लक्ष देऊ नका. ए पोरी! ए, कुठे चाललीस? थांब!

आपा : जाऊ द्या तिला, सूनबाई.

सून : माझ्या घरात माझ्यावर हुकूम चालवू नका, आपा.

बुलबुल : आपा, बांधलंय. आजही बांधलंय. एकच हात. दुसऱ्या हातानं गाठ सोडतायत. मला पण सुटत नाही.

अम्मी : ओढू नको, ओढून जास्त आवळते. थांब, मी येते. सरक. हं. कोणी मारलीय ही गाठ, होडी बांधायची आहे का?

सून : सोडा. सोडा ना! सोडा आणि मग इथेच राहा. आज राहा, उद्या राहा, परवा राहा. काल गॅसचं बटण उघडं ठेवून बसले होते, म्हणे तिच्यासाठी चहा करतो. त्याच्या आदल्या दिवशी रस्त्यावर गेले, पायात काही नाही, अंगात सदरा उलटा. रिक्षावाल्यानं आणून सोडले आणि मला म्हणाला, बाई, म्हाताऱ्या माणसाला सांभाळा जरा. सांभाळा! मी दुसरं काय करते?

आपा : तुम्ही बसा आधी.

सून : मला बसायला सांगू नका, बसले की मला झोप लागते. मी आंघोळीला गेले तरी बांधून जाते. बाजारात गेले तरी बांधून जाते. मला काय हौस आहे? सासूबाईंचंही तसंच. लघवीची नळी उपसून काढायच्या, रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, हातांवर लक्ष ठेवा. लक्ष! मला डोळे किती आहेत?

आपा : टाइल्सवाल्यांना सांगितलं नाहीत? एखादी बाई ठेवा, नर्स ठेवा…

सून : सांगितलं. म्हणाले, लोक काय म्हणतील, ह्याच्या आईबापाला परकी माणसं हात लावतात? बाहेर सगळे म्हणतात ना, टाइल्सवाल्यानं आईबापाची खिदमत करावी ती अशी. जन्नत कमावली म्हणतात. कमावली त्यांनी, धुणी मी धुतली. नणंदा फोन करतात, अम्मीला आमचा सलाम सांग. सलाम सांगायला मीच, आणि ढुंगण धुवायलाही मीच.

अम्मी : बांधलेलं त्यांना माहीत होतं? तुमच्या मियाँना?

सून : रात्री ते स्वतः बांधायचे. सकाळी दुकानात जाताना म्हणायचे, नीट बघ हं.

आपा : सूनबाई, मनगटांचं कळलं. दंडावर होतं ते?

सून : उचलताना व्हायचं. एकटीनं उचलून बघा तुम्ही.

आपा : सगळं उचलतानाच?

सून : ही काय झडती घेताय माझी?

आपा : मी तुम्हाला कोर्टात उभं नाही केलं. विचारतेय.

सून : एक नाही. एक उचलतानाचं नाही. तोंडात घास दिला, तो त्यांनी माझ्या तोंडावर थुंकला. मी धरलं. दोन्ही दंड धरले आणि हलवलं. किती वेळ ते आठवत नाही. त्या दिवसापासून मी खोलीत गेले की त्या हात असे वर करायच्या. तोंडापुढे. बोलता तर येत नव्हतं त्यांना. नुसते हात.

अम्मी : या अल्ला.

सून : आपा, तुम्ही धुताना मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते. मय्यतीकडे बघवत नव्हतं. तुमचे डोळे त्या डागावर थांबले आणि तुम्ही चादर ओढलीत. मला वाटलं, सुटले. एवढं हलकं वाटलं, पाणी घालता घालता हसू येईल की काय असं. आणि मग माणसं पांगल्यावर, ह्यांनी परत अब्बांचा हात बांधला, तेव्हा वाटलं, ओरडल्या असत्या आपा तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपा : मी नाही ओरडले.

सून : मग आता तरी नका ओरडू. त्यांचं झाकलंत, माझं झाका. मय्यतीचं झाकता आणि जित्या माणसाचं नाही? मला दोन लेकरं आहेत. हे कळलं तर नणंदा मला उभी जाळतील. माझ्या मियाँना स्वतः बांधल्याचं काहीच आठवणार नाही. सगळं माझ्यावर येईल.

आपा : येईल. काही तर तुमचंच आहे, तेवढं यायलाच पाहिजे. पण सगळं नाही. सगळं येऊ द्यायचं नाही म्हणून तर मी झाकणार नाही. आज मी झाकलं तर आम्ही बाहेर पडू, हे दार लागेल, आणि आत तुम्ही, आजोबा आणि ती ओढणी. मग कधीतरी आजोबांच्या गुस्लला मौलवीसाहेबांच्या हाताखालचा कोणीतरी मुलगा येईल, आणि तोही गप्प घरी जाईल. नाही, सूनबाई. तुमच्या मियाँना मी आजच सांगणार. दुकानात जाऊन, तोंडावर. तुमच्या नणंदांना सांगणार. डॉक्टरांनाही.

सून : ते तुमची खोली काढून घेतील.

आपा : घेतील.

सून : तुम्हाला गावात तोंड दाखवू देणार नाहीत.

आपा : तेही होईल.

सून : आणि मला? पोलीस नेतील मला?

आपा : मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. खरंच माहीत नाही, विचारावं लागेल. पण जिथे जायचं तिथे मी तुमच्याबरोबर येईन. पुढे नाही, मागे नाही. बरोबर. आणि मनगटं मीही बघितली होती आणि बोलले नव्हते, हेही तिथेच सांगेन.

अम्मी : ते सगळं नंतर. बाई गं, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?

सून : झोपते की. थोडी थोडी.

अम्मी : उभ्या उभ्या डुलताय. जा, आत जाऊन पडा. मी आहे इथे. माझी आजची शिकाऊ बाई एक दिवस रिव्हर्स न शिकता जगेल.

सून : पण ते उठले तर?

अम्मी : उठतील. पाय कशाला दिलेत? मी मागे मागे फिरेन. माझा धंदाच तो आहे, बाजूला बसायचं आणि कुणी कशावर धडकत नाही ना ते बघायचं.

सून : गॅस…

अम्मी : सिलिंडरवरूनच बंद करते. जा.

सून : मी झोपले तर लवकर उठायची नाही.

अम्मी : नका उठू. तुमची लेकरं शाळेतून आली की त्यांचं बघते मी. जा म्हणते ना.

आपा : बुलबुल, कशा आहेत त्यांच्या हाताच्या खुणा?

बुलबुल : सुजलंय. मी नुसता धरून बसलेय. दाबलं तर दुखत असेल.

आजोबा : तू कोण गं, बेटी?

बुलबुल : मी त्या दिवशी आले होते. चादर न्यायला. तुम्ही मला म्हणालात, सोड गं. मी नाही सोडलं.

आजोबा : असं?

बुलबुल : मला माफ करा, आजोबा.

आजोबा : कशाबद्दल? मला काही आठवत नाही.

बुलबुल : मला आठवतं.

आजोबा : मग ठेव बाई तूच. माझ्याकडे राहत नाही हल्ली काही.

बुलबुल : आपा, ह्यांना आठवतच नाही. मग मी माफी मागू कुणाकडे?

आपा : मीही तेच विचारतेय, बाळ. ज्यांच्याकडे मला मागायची त्या तर मातीत आहेत.

बुलबुल : मग करायचं काय?

आपा : मला वाटतं, मागत राहायची. आणि हात धरून ठेवायचा. याच्यापुढचं मला येत नाही. येत असतं तर त्या दिवशीच आलं असतं.

आजोबा : ती कुठाय? सकाळपासून दिसली नाही. चहा गार होतो तिचा.

सून : नका सांगू! हात जोडते. मी रोज सांगते आणि ते रोज नव्यानं रडतात. मी आता म्हणते, माहेरी गेलीय.

अम्मी : तुम्ही अजून झोपला नाहीत?

बुलबुल : आपा, सांगू?

आपा : मला विचारू नको. आजच्या दिवस मला काही विचारू नको.

आजोबा : काय कुजबुजताय? माहेरी गेली का ती? माहेरी तिचं कुणी उरलं नाही आता.

बुलबुल : आजोबा, त्या गेल्या. वारल्या. आम्ही सगळे होतो.

आजोबा : वारली?

बुलबुल : हो.

आजोबा : मला न सांगता?

बुलबुल : त्यांना बोलता येत नव्हतं ना.

आजोबा : हो. हो, बोलता येत नव्हतं. रडतोय का मी?

बुलबुल : रडा. मी आहे.

आजोबा : धुतलं कोणी तिला? परक्या बायकांनी?

बुलबुल : आपांनी. आणि मी.

आजोबा : तू? एवढीशी? तिला थंडी फार वाजते गं. उन्हाळ्यातसुद्धा पाय पोटाशी घेऊन झोपते.

बुलबुल : पाणी कोमट होतं, आजोबा. मी आधी माझ्या हातावर घेऊन बघितलं होतं.